पिवळ्या गोळीची गोष्ट

जिना चढताना धाप लागते, जीभ लालबुंद झालीय, तोंड आलंय आणि जो तो म्हणतोय, ‘कामाचं टेन्शन, दुसरं काय!’ असेलही. पण कधी कधी कारण टेन्शनमध्ये नसतं. ते आपल्याच पर्समधल्या औषधांच्या पट्टीत असतं.

लातूरला मावशीकडे गेलं की गप्पा गच्चीवरच होतात. दोन जिने चढायचे, चटई टाकायची, शेंगा फोडत बसायचं. गेल्या वर्षी गेले तेव्हा ताई, म्हणजे माझी मावसबहीण, पहिल्याच जिन्यावर कठड्याला धरून थांबली. वय वर्षं ३१. एका खासगी बँकेत नोकरी, टार्गेट्स, स्कूटी, जिमची न वापरलेली मेंबरशिप. म्हणजे अगदी तुमच्या-माझ्यासारखीच.

‘‘काय गं, म्हातारीसारखं काय करायलीस? मी वर येऊन बसले की!’’ मावशी वरून ओरडली.

‘‘काही नाही माय, झोप झाली नाही,’’ ताई म्हणाली.

झोप झाली नाही, हे तिचं तीन महिन्यांपासूनचं उत्तर होतं. ऑफिसातले म्हणत होते, मार्च एंडिंगचा शीण. शेजारच्या काकू म्हणत होत्या, रक्त कमी झालंय, बीट खा. मग बीट झालं, खजूर झाले, लोखंडाची कढई आली, मेडिकलमधून लोहाच्या टॉनिकच्या दोन बाटल्याही संपल्या. फरक शून्य. उलट जीभ लाल आणि गुळगुळीत झाली, तोंड आलं, ठेचा तर सोडाच, साधं वरणसुद्धा झोंबायला लागलं.

शेवटी रक्ताची तपासणी केली. हिमोग्लोबिन ८.१. बाईच्या शरीरात ते निदान १२ असावं लागतं, पुरुषाच्या १३. पण डॉक्टरांचं बोट थांबलं ते खालच्या ओळीवर. तिथे लिहिलं होतं : एमसीव्ही ११२.

‘‘तुमच्या रक्तपेशी कमी आहेतच, पण ज्या आहेत त्या नको इतक्या मोठ्या आहेत,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात. हे प्रकरण वेगळं आहे. कुठली औषधं चालू आहेत?’’

‘‘संधिवाताची एक गोळी. आठवड्यातून एकदा. हैदराबादच्या डॉक्टरांनी दिलेली.’’

‘‘आणि सोबत एक छोटी पिवळी गोळी दिली असेल. फोलिक ॲसिडची?’’

ताई जरा ओशाळली. ‘‘ती मी बंद केली. नुसती व्हिटॅमिनचीच तर होती! मी मेथी-पालक खाते की.’’

इथेच सगळी मेख होती.

तूर येतेय, भरडणारं यंत्र बंद

फोलेट हे ‘ब’ गटातलं जीवनसत्त्व. भाज्या-डाळींत असतं ते फोलेट, गोळीत असतं ते फोलिक ॲसिड. नवीन पेशी तयार करायची तर आधी तिच्यातल्या डीएनएची नक्कल काढावी लागते आणि त्या कामाला फोलेट लागतं. आपल्या हाडांमधल्या मज्जेत दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास लाल पेशी तयार होतात. इतका वेग म्हटल्यावर कच्चा माल जरा कमी पडला तरी पहिली बोंब तिथेच होणार.

लातूरकरांना हे समजावून सांगणं सोपं आहे. डाळ मिल डोळ्यांपुढे आणा. तूर पोत्यांनी येतेय, भिजतेय, फुगतेय, पण तिची दोन डाळिंब्या करणारं यंत्रच बंद पडलंय. फोलेट नसलं की मज्जेत असंच होतं. पेशी वाढते, फुगते, पण तिचं विभाजन होत नाही. बऱ्याचशा पेशी आतच मरतात. बाहेर येतात त्या मोजक्या, मोठ्या आणि अर्धवट तयार झालेल्या. डॉक्टर याला मेगालोब्लास्टिक ॲनिमिया म्हणतात. जीभ आणि तोंडाच्या आतलं अस्तर यांच्या पेशीही भराभर बदलत असतात. म्हणून तोंड येतं, जीभ सोलल्यासारखी होते.

गंमत म्हणजे फोलेटचा साठा शरीरात फार नसतो. पुरवठा थांबला की तीन-चार महिन्यांत संपतो. ताईने पिवळी गोळी बंद करून किती दिवस झाले होते? साडेचार महिने. हिशेब बरोबर जुळला.

परळची बाई आणि ब्रेडवरची चटणी

ही सगळी भानगड जगाला पहिल्यांदा कळली ती कुठे, माहितीये? लंडनला नाही, न्यूयॉर्कला नाही. आपल्या मुंबईत.

साल १९२८. लुसी विल्स नावाची चाळिशीची इंग्रज डॉक्टर मुंबईत उतरली. गरोदर बायकांमध्ये रक्तक्षयाचा एक भयंकर प्रकार दिसत होता, त्यात बायका दगावत होत्या. मातामृत्यूंवर काम करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी तिला याचा छडा लावायला बोलावलं होतं. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिने बस्तान बसवलं. आजूबाजूला गिरणगाव. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी आधी जंतू शोधून पाहिले, मग बायका काय खातात आणि कशा राहतात याची पाहणी केली. १९३० साली तिने डॉ. एस. एन. तळपदे यांच्यासोबत मुंबईतल्या बायकांच्या आहाराची पाहणी प्रसिद्धही केली. निष्कर्ष असा, की जिच्या ताटात भाज्या, फळं, प्रथिनं कमी, तिला हा आजार जास्त.

मग प्रयोग सुरू झाले. तेव्हा रक्तक्षयावर यकृताचा अर्क हे नवं, गाजलेलं औषध होतं. पण तो अर्क जितका शुद्ध करावा तितका या बायकांवर त्याचा परिणाम कमी होई. विल्स बाईंनी मग एका माकडाला मार्माइट चारून पाहिलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळा, खारट लगदा. इंग्रज लोक तो ब्रेडला चटणीसारखा लावून खातात. माकड सुधारलं. बायकांना दिला, बायकाही सुधारल्या. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे छापून आलं. त्या अज्ञात पदार्थाला लोक ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

तोच पदार्थ १९४१ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून वेगळा काढला. त्यासाठी चार टन पालक लागला! लॅटिनमध्ये पान म्हणजे ‘फोलियम’, म्हणून नाव पडलं फोलिक ॲसिड. आणि १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केलं लेडर्ली कंपनीच्या पथकाने. त्या संशोधनाची सूत्रं होती भीमावरमहून अमेरिकेला गेलेल्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे.

म्हणजे मेडिकलमध्ये आपण जिला ‘नुसती व्हिटॅमिनची गोळी’ म्हणतो, तिच्यामागे गिरणगावातल्या बायका आहेत, एक माकड आहे, चार टन पालक आहे आणि एक तेलुगू शास्त्रज्ञ आहे.

किल्ली आणि खोटी किल्ली

आता गोष्टीला ट्विस्ट. सुब्बाराव यांच्याच पथकाने फोलिक ॲसिडसारखी दिसणारी, पण नेमकं उलटं काम करणारी रसायनंही बनवली. कुलपात बसणारी, पण न फिरणारी खोटी किल्लीच म्हणा ना. पेशीला वाटतं फोलेट आलं, पण काम अडतं. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये यातलंच एक रसायन रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिलं आणि काही मुलांचा आजार काही काळासाठी का होईना, मागे हटला. केमोथेरपीच्या इतिहासातलं हे पहिल्या पानांपैकी एक.

त्याच घराण्यातलं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. कॅन्सरमध्ये मोठ्या डोसमध्ये देतात. संधिवातात आणि सोरायसिसमध्ये आठवड्यातून एकदा, अगदी छोट्या डोसमध्ये. ताईची गोळी हीच. तिच्या सुजलेल्या बोटांना तिनेच आराम दिला होता. पण ती फोलेटच्या वाटेत आडवी उभी राहणारी गोळी आहे, म्हणूनच सोबत फोलिक ॲसिड लिहून देतात. एकाने अडवायचं, दुसऱ्याने इतर पेशींना सांभाळून घ्यायचं. जोडीतला एक काढून टाकला की संसार बिघडणारच.

अजून एक धोका सांगायलाच हवा. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा लहान आणि पिवळ्याच असतात. चुकून अदलाबदल झाली आणि मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेलं, तर जीवावर बेतू शकतं. म्हणून ‘आठवड्यातून एकदा’ एवढ्यावर भागवू नका. वार ठरवा आणि पट्टीवर पेनाने लिहून ठेवा. फोलिक ॲसिड बहुतेक डॉक्टर त्या दिवशी सोडून इतर दिवशी घ्यायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय तेच पाळा.

यादीत आणखी कोण?

मेथोट्रेक्सेट एकटंच नाही. फिट्ससाठीची फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोन ही जुनी औषधं वर्षानुवर्षं घेतली तर फोलेट कमी करू शकतात. आतड्याच्या सुजेवर आणि संधिवातात देतात ते सल्फासॅलझिन फोलेट शोषून घेण्यात अडथळा आणतं. ट्रायमेथोप्रिम असलेली अँटिबायोटिक्स जास्त दिवस चालली, तर आधीच साठा कमी असलेल्या माणसाला त्रास होऊ शकतो. आणि हो, वीकेंडची दारू! ती औषध नाही, पण रोजची सवय झाली की फोलेटचा फडशा पाडण्यात पहिल्या नंबरावर.

काहींना फोलेट मुळातच जास्त लागतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, डायलिसिसवरचे पेशंट, आणि सिकलसेल असलेले, ज्यांच्या लाल पेशी लवकर मरतात. किनवट-माहूरच्या बाजूला सिकलसेल हा शब्द नवा नाही.

पण यादी वाचून औषधं बंद करू नका, हात जोडून विनंती. नांदेडला आमचा एक मित्र विमा कंपनीत आहे. त्याला शाळेपासून फिट्सची गोळी चालू आहे. त्याने कुठेतरी वाचलं आणि परस्पर फोलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी रोज चालू केली. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना अभिमानाने सांगितलं.

‘‘अहो साहेब, मला विचारायचं तरी!’’ डॉक्टर जवळजवळ ओरडलेच.

कारण जास्त डोसच्या फोलिक ॲसिडने फेनिटॉइनची रक्तातली पातळी खाली येऊ शकते आणि थांबलेल्या फिट्स परत येऊ शकतात. त्याचं नशीब, तसं झालं नाही. डॉक्टरांनी रक्ततपासणी करून डोस जुळवून दिला. फिट्सची गोळी अचानक बंद करणं तर त्याहून घातक. धडा एकच : चालू औषधात काही घालायचं किंवा काढायचं, तर ते डॉक्टरांनी.

उपचार सोपा, पण एक गेट पार करून

फोलेटच्या कमतरतेचा उपचार औषधशास्त्रातला सर्वांत साधा म्हणावा असा. फोलिक ॲसिडची गोळी, रोज १ ते ५ मिलिग्रॅम, साधारण चार महिने. चारच महिने का? तर लाल पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं. तेवढ्यात जुना सगळा माल बदलून नवा येतो. गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यातही मिळते.

मग गेट कसलं? बी-१२चं. बी-१२ कमी पडलं तरी पेशी अशाच मोठ्या होतात. रिपोर्ट अगदी जुळ्या भावासारखा. आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता भरपूर. अशा माणसाला नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर हिमोग्लोबिन वाढतं, सगळे खूश. पण आतल्या आत नसांचं नुकसान चालूच राहतं. पायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा... आणि उशीर झाला तर काही नुकसान कायमचं. म्हणून आधी दोन्ही तपासा, मग गोळी. दोन्ही कमी असतील तर बी-१२ आधी किंवा सोबत सुरू करायचं, नुसतं फोलिक ॲसिड नाही.

आणखी एक चकवा. लोह आणि फोलेट दोन्ही एकदम कमी असतील, तर लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी निघून एमसीव्ही नॉर्मल दिसू शकतो! म्हणून डॉक्टर काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायला सांगतात. हा योगायोग दुर्मीळ नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. त्यात लोहाची कमतरता हे मोठं कारण, पण एकमेव नाही.

औषधामुळे झालेल्या प्रकारात आणखी एक निर्णय असतो : मूळ औषधाचं काय करायचं? ताईच्या पांढऱ्या पेशीही थोड्या उतरल्या होत्या. डॉक्टरांनी तिच्यासमोरच हैदराबादला फोन लावला. मेथोट्रेक्सेट काही आठवडे थांबवलं, लिव्हर-किडनी तपासली, बी-१२ बघितलं, ते ठीक होतं, मग फोलिक ॲसिड रोज सुरू केलं. मेथोट्रेक्सेटचा त्रास जास्त गंभीर असता, तर फोलिनिक ॲसिड नावाचं वेगळं औषध द्यावं लागलं असतं. ते अडवलेली पायरी ओलांडून थेट आत जातं.

आठवड्या-दीड आठवड्यात नव्या पेशींची संख्या उसळली. तोंड त्याच सुमाराला बरं झालं. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.९. मेथोट्रेक्सेट परत सुरू झालं, या वेळी जोडीने.

ताटात काय, पाण्यात काय

आता ‘मी मेथी-पालक खाते’ याचं काय? खात राहाच. पण औषधाने वाट अडवलीय तिथे नुसती भाजी पुरत नाही. बाकीच्यांसाठी मात्र ताट हाच खरा विमा, आणि मराठवाड्याचं ताट त्यात अजिबात गरीब नाही. तुरीचं वरण, हरभरा, मूग, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, पालक, मेथी, तांदुळजा, चाकवत. सगळ्यांत फोलेट आहे. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज ३०० मायक्रोग्रॅम फोलेट लागतं, बाईला २२०, गरोदरपणी ५७०.

अडचण स्वयंपाकाची. फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नाश पावतं. अंबाडीची भाजी आपण उकडतो आणि आंबटपणा जावा म्हणून ते पाणी पिळून फेकतो. त्याच पाण्यासोबत बरंचसं फोलेट मोरीत जातं. अंबाडी सोडा असं कोण म्हणेल? फक्त बाकीच्या पालेभाज्या आधी धुवा, मग चिरा, थोड्या पाण्यात झाकण ठेवून पटकन शिजवा आणि पाणी फेकू नका. मेसचा डबा सकाळपासून तीनदा गरम झालेला असेल, तर सोबत मूठभर मोड आलेले मूग आणि एखादं संत्रं ठेवा. चहा-बिस्किटावर दुपार काढणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर

बाळाचा विचार करणाऱ्या मुलींसाठी फोलिक ॲसिड आधीच सुरू करायचं असतं, दिवस गेल्यावर नाही. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते. तेव्हा कित्येकींना बातमीसुद्धा कळलेली नसते. जागतिक आरोग्य संघटना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगते. फिट्सची औषधं चालू असतील तर डोस वेगळा असू शकतो. आणि मेथोट्रेक्सेट चालू असेल तर गर्भधारणा टाळायलाच हवी, कारण ते गर्भाला घातक आहे. प्लॅनिंगच्या आधी डॉक्टरांशी स्पष्ट बोला. लाजायचं काय त्यात?

चौकट : डॉक्टरांकडे जाताना

* घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या. आयुर्वेदिक, टॉनिक, जिमची पावडर, सगळं.
* बंद केलेली गोळीही सांगा. कधी आणि का बंद केली तेसुद्धा.
* विचारा : हिमोग्लोबिनसोबत एमसीव्ही किती आहे? बी-१२ आणि फोलेट दोन्ही तपासायचे का?
* विचारा : ही गोळी किती दिवस? मूळ औषध चालू आहे तोवर कायम का?
* मेथोट्रेक्सेट घेत असाल तर तोंड येणं, ताप, धाप, अंगावर निळे डाग यातलं काहीही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.
* खर्चाची चिंता असेल तर नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे.

परवा ताईचा फोटो आला. सात कप्प्यांची प्लॅस्टिकची डबी, प्रत्येक कप्प्यावर वार लिहिलेला. रविवारच्या कप्प्यावर लाल मार्करने मोठ्ठं ‘एम’. बाकीच्यांवर हिरवं ‘एफ’. खाली मेसेज : ‘‘जिना चढले. न थांबता. शेंगा घेऊन ये.’’

मावशीने मात्र बीटचा ज्यूस अजून बंद केलेला नाही. म्हणते, फरक त्यानेच पडला. आम्ही कुणी वाद घालत नाही. फक्त रोज सकाळी ताई डबी उघडते की नाही, तेवढं बघतो.